माकणीच्या विहिरीतलं तेल

माकणी, माघ वद्य पंचमी
मार्च १९४५

गफ्या,

तू आसामच्या जंगलात हत्तींच्या संगतीत राहून पत्र लिहायचं विसरलास, असं तुझ्या अम्मीचं मत पडलंय. मी म्हटलं, "चाची, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हत्ती कुठं पत्र लिहितो?" तर तिनं मलाच झाडलं. पत्र तू लिहायचं नाहीस आणि बोलणी मी खायची, हा न्याय निजामाच्या राज्यातसुद्धा नवा आहे.

मी मात्र कामात आहे. विहीर पाडतोय. तुमच्या तेलघाण्याच्या मागचं माझं रान तुला ठाऊक आहेच. तिथं पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून चकरा मारल्या, नारळ उभा राहिला, आणि "हितं पानी न्हाय लागलं तर मिशी उतरवीन" असं तो सगळ्यांदेखत बोलला. वरची काळी माती निघाली, मुरूम निघाला, आता काळा पाषाण लागलाय. तो हलायला तयार नाही. वडार मंडळी रोज सुरुंग लावतात. दणका बसला की तुमचा घाण्याचा बैल जागीच थबकतो, आणि खाजामियाँ चाचा बैलाला सोडून मला बोल लावतात. आमची अयोध्या म्हणते, "पाणाड्याची मिशी ऱ्हाऊ द्या, आधी तुमची जाती का ऱ्हाती बगा." ती नक्की कुणाच्या बाजूची आहे हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. जुलैअखेर तुझा करार संपतो ना? चाची रोज कुंपणापाशी येऊन तेच विचारते. "बब्रू, लिव्ह त्याला. सही करू नकु म्हनाव. वाघाच्या तोंडाम्होरं किती दिस ऱ्हातोस? घरला ये म्हनाव." तिला दुसरा मुलगा नाही, आणि मनसोक्त शिव्या द्याव्यात असा मला दुसरा दोस्त नाही. तेव्हा आडपडदा न ठेवता कळव. येतोस, की आणखी तीन वर्षं तिकडंच?

तुझा
बब्रुवान


नाहरबस्ती, आसाम
२५ मार्च १९४५

बब्रू,

पत्र न लिहिण्याचं कारण हत्ती नाही, पाऊस आहे. इथं तो उन्हाळ्याची वाट बघत नाही. कागद ओला, दौत ओली, मीही ओला. चिखलातून चाललं की पायाला जळवा लागतात आणि मीठ टाकल्याशिवाय सुटत नाहीत. आपल्याकडच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण इथं मला कोरड्या धुळीची आठवण येते.

तुझ्या विहिरीचं वाचून हसलो. आम्हीही विहिरीच पाडतो, जमिनीतल्या तेलाच्या, फक्त त्यांच्यात उतरता येत नाही. जंगल तोडून मोकळी जागा केली आहे, तिथं ताडापेक्षा उंच लोखंडी मनोरे. त्यातून बरमा खाली सोडायचा. तो फिरत फिरत जमीन पोखरत जातो, एक नळी संपली की वर दुसरी जोडायची. नळ्या ओढून आणायला हत्ती. महिनोन्‌महिने हेच. आणि गंमत बघ, मध्येच पाणी लागलं की साहेब डोक्याला हात लावून बसतो. पाणी लागलं म्हणून रडणारी माणसं मी इथंच पाहिली.

तेल लागतं तेव्हा आधी जमीन गुरगुरते, मग काळं कारंजं उडतं. भोवतालची झाडं पानापानाला काळी होतात आणि पुढचा मोठा पाऊस येईपर्यंत तशीच उभी राहतात. बरोबर येणारा वायू नळीच्या तोंडाशी पेटवून ठेवतात. ती ज्योत कधी विझत नाही, त्यामुळं वस्तीतले कोंबडे वाटेल तेव्हा आरवतात. ओढ्यावर तवंग असतो. वरून बघावं तर मोराच्या पिसासारखे रंग, पण त्यातल्या माशाला घासलेटाचा वास. मी मासे सोडले. परवा एक बगळा तेलाच्या खड्ड्याला तळं समजून उतरला आणि फसला. मी आणि माझा नेपाळी जोडीदार धनबहादूर त्याला साबण लावून धूत बसलो. त्यानं धनबहादूरच्या नाकावर चोच मारली आणि आभार न मानता उडून गेला. सगळे बगळे असे सुटत नाहीत, हे वाईट वाटतं.

साहेब सांगतो, पूर्वी तेल शोधायला फार अक्कल लागत नसे. पाण्यावर असा काळसर तवंग दिसला की तिथं खुंटी ठोकायची. मग मनोरा येतो, हत्ती येतात, आणि आमच्यासारखी माणसं तिथं जातात.

सहीचं विचारलंस. खरं सांगू? करणार आहे. साहेब मला बरम्यावरचा मुकादम करतोय. माकणीत येऊन काय करू? घाण्याभोवती एक बैल फिरतोच आहे, दुसरा कशाला? आपल्या त्या काळ्या दगडाखाली असं तेल असतं तर उद्या बिस्तरा गुंडाळून आलो असतो. हा शेवटचा भाग अम्मीला वाचून दाखवू नकोस. बाकीचं गोड करून वाच.

गफार


माकणी, चैत्र शुद्ध षष्ठी
एप्रिल १९४५

गफ्या,

तुझं पत्र मी सगळं वाचून दाखवलं. आता ओरडू नकोस. चाची माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कुठं थांबतोय हे तिला कळत होतं. "फुडं?" म्हणाली. मी म्हटलं, "फुडं सलाम." म्हणाली, "सलामाच्या आदी काय लिवलंय?" तुझ्या अम्मीपुढं खोटं बोलून दाखव, मग मला नावं ठेव.

बैलाचं वाक्य ऐकून चाचा हसले. चाची हसली नाही. घाण्याच्या कट्ट्यावर बसून राहिली, आणि मग तिनं मला विचारायला सुरुवात केली. "त्यो तवंग म्हंजे कसा दिसतो रं? निस्ता काळा का रंगीत बी? आन् येवडा दिसला तरी सायबाची मान्सं येत्यात?" मी माहितगारासारखा सगळं समजावून सांगितलं. तुझ्या कामाची तिला एवढी हौस वाटते हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं. तू दूर असलास तरी तुझ्या कामात तिचं चित्त आहे.

आता माझी बातमी. पाणाड्याची मिशी वाचली! पाडव्यानंतर दोन दिवसांनी सुरुंगाच्या भोकातून पाणी उसळलं. वडारणींनी खालूनच हाळी दिली, अयोध्या हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली, आणि मी रडलो. आता तू हसणार. हस. विहिरीवर पाण्यातल्या आसरांची पूजा झाली, सात दगडांना हळदकुंकू, गुळाचा नैवेद्य. पहिली घागर मी चाचीला काढायला लावली. सुरुंगाचा त्रास तिनंच सोसलाय. पाणी असं गोड की चाचांनी दोन तांबे पिऊन मला माफ केलं. आता रोज तांबडं फुटायच्या आत चाची पहिली घागर भरून नेते.

तू सही कर किंवा नको करूस, पण एकदा येऊन हे पाणी पिऊन जा.

बब्रुवान


माकणी, चैत्र वद्य द्वितीया

गफार,

हे पत्र बसून वाच. उभा असशील तर बस.

विहिरीत तेल लागलंय.

चेष्टा नाही. तुझ्या बेचाळीस पिढ्यांची शपथ. परवा सकाळी अयोध्या पाण्याला गेली आणि घागर टाकून पळत आली. "अवं, पान्यावर मोर पसरलाय!" मी जाऊन बघतो तर तू लिहिलंस तस्साच तवंग. मधे काळसर, कडेला रंग. दुसऱ्या दिवशी जास्त. आजही आहे. शेजारच्या रानातल्या हरिबानं काठीनं ढवळलं तर बाजूला झाला आणि परत जमला.

गाव पागल झालंय. हरिबा म्हणतो यंदा करडई पेरायची नाही, रानात तेलच तेल असताना पेरायची कशाला? किराणावाले शांतलिंगअप्पा एरवी उमरग्याच्या पलीकडं कधी गेले नाहीत, पण ते म्हणतात माकणीला रेल्वे येणार. टेसनची जागासुद्धा त्यांनी दाखवली, अर्थात स्वतःच्या दुकानासमोर. पोरं मनोऱ्यावर चढायचा सराव म्हणून देवळाच्या लिंबावर चढतायत. आणि सगळ्या गावाच्या तोंडी एकच: "गफारला बोलवा. त्याच्याबिगर ह्ये कुनाला कळायचं?"

चाचीनं मात्र कमाल केली. सगळे नाचत असताना ती शांतपणे म्हणाली, "आता सायबाला कळीव. म्हनाव, मान्सं धाडायची तर गफारलाच धाडा." एवढंच. बाई मोठी धीराची.

अयोध्या चिडलीय. म्हणते, पाणी गोड होतं ते बरं होतं. तिचं मनावर घेऊ नकोस.

वरवरचं तेल काढून एक बाटली भरली आहे. बूच मेणानं बंद करून पार्सल करतोय. नळदुर्गचा बशीर सोलापूरला चाललाय, तो टपालात टाकील. ती मिळाली की साहेबाला दाखव. तोपर्यंत सही करू नकोस. दोस्ता, तू म्हणाला होतास, इथं तेल असतं तर उद्या आलो असतो. आता शब्दाला जाग.

बब्रुवान


नाहरबस्ती
१८ मे १९४५

बब्रू,

बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग धनबहादूरला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "तो चलो, तुम्हारे गाँव!"

आता थंड डोक्यानं लिहितो. काळ्या पाषाणातून तेल निघालेलं इथं कुणी ऐकलेलं नाही. साहेबाला विचारलं. तो आधी हसला, मग त्यानं चिरूट विझवला, आणि विझवला म्हणजे तो विचार करतोय. म्हणाला, "जमीन आपल्याला विचारून वागत नाही. बाटली येऊ दे." तेव्हा ह्या गोष्टी बघ आणि कळव. वास कसा आहे? घासलेटासारखा नाक झोंबवणारा, की निराळा? पाण्यातून बुडबुडे येतात का? चिंधी बुडवून पेटवली तर धूर कसा निघतो? आणि कुणालाही विडी ओढत विहिरीवर वाकू देऊ नकोस, विशेषतः हरिबाला.

तुझ्यापाशी कबूल करतो, सही थांबवली आहे. परवा कचेरीत कागद पुढं आला, मी म्हटलं जुलैअखेर बघू. मुकादमाची जागा साहेबानं तोपर्यंत धरून ठेवली आहे. कामावर असताना मनोऱ्याच्या जागी मला देवळाचा लिंब दिसतो. काल मी धनबहादूरला माकणीत कुठं नळ्या उतरवायच्या, हत्तींना तेरणा नदीवर कुठं पाणी पाजायचं, हे सगळं चिखलात काढून दाखवलं. मग एकदम मनात आलं, तिथंही ओढ्याच्या माशांना वास येईल, झाडं काळी होतील. ते चित्र मी पायानं पुसून टाकलं. तरी सही केली नाही.

अम्मीला सांग, बाटलीची वाट बघतोय.

गफार


माकणी, वैशाख वद्य दशमी
जून १९४५

गफ्या,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, कारण विहीर आता माझी राहिली नाही. शांतलिंगअप्पांच्या तोंडाला कुलूप नाही. बातमी लोहाऱ्याच्या बाजारात गेली, तिथून कचेरीत गेली, आणि महसुलाचा एक गिरदावर घोड्यावर बसून आला. तवंग बघून त्यानं टोपी काढली आणि परत घातली. मग विहिरीवर बाभळीचे काटे टाकून हुकूम सोडला: वरून लिहून येईपर्यंत कुणी घागर बुडवायची नाही. तेल सरकारचं, पाणीही सरकारचं, काटे तेवढे माझे.

भर उन्हाळा, समोर पाणी, आणि अयोध्या तेरणेच्या वाळूत झरा खणून वाटीनं पाणी भरते. माझ्याशी बोलत नाही. ताट मात्र वाढते, दणकन. "तुमच्या दोस्ताला म्हनावं, मनोऱ्यावर चढून बग, तुला तुज्या दोस्ताच्या बायकूची घागर दिसती का." चाचीचं मन बघ किती मोठं. ती आता रोज स्वतः नदीवर जाते आणि दोन घागरी आधी आमच्या दारात ठेवते. मी नको म्हणतो तर खाली मान घालून निघून जाते. ह्या वयात हे कष्ट. मला भरून येतं.

चाचांचं निराळंच दुःख. ते म्हणतात यंदा करडईला उतारा नाही, तेल कमी पडतंय. बैल नीट फिरत नाही असा त्यांचा संशय आहे. रोज त्याला रागावतात. बैल बिचारा फिरतोय आणि ऐकून घेतोय.

वासाचं म्हणशील तर तेव्हा गडबडीत नीट हुंगलंच नाही. बाटली मिळाली का? लवकर सोक्षमोक्ष लाव. मोठा माणूस व्हायची माझी हौस फिटत आली आहे.

बब्रुवान


नाहरबस्ती
२१ जून १९४५

बब्रुवान पाटील, तेलखाणीचे मालक, यांस,

आपली बाटली काल मिळाली. साहेबाच्या टेबलावर ठेवली. साहेब, दोन बाबू, धनबहादूर, सगळे भोवती उभे. मी मेण खरवडलं, बूच काढलं.

बब्रू, तुला काय सांगू. त्या खोलीत आमचा घाणा आला. तोच वास. लाकडाच्या उखळीचा, भाजल्या करडईचा, अब्बांच्या सदऱ्याचा. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि मला समोरचं दिसेना. साहेब घाबरला, त्याला वाटलं मला विषबाधा झाली. मी डोळे पुसत म्हटलं, साहेब, हे तेल जमिनीच्या पोटातून नाही, माझ्या घरातून आलंय. शिवाय कुणीतरी दिव्याची काजळी मिसळून त्याला काळं केलंय. साहेब इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

तेल फेकायचं कसं? खोलीवर नेलं, ठेवलं, वरचं वरचं काढून फडक्यातून गाळलं. चहामळ्याच्या दुकानातून बेसन आणलं, कांदा चिरला आणि भजी तळली. काजळीमुळं जरा सावळी झाली. पण तीन वर्षं राईच्या तेलावर काढल्यावर करडईचं भजं काय लागतं ते तुला इथं आल्याशिवाय कळणार नाही. धनबहादूरनं खाता खाता विचारलं की ह्या विहिरीची सगळी बाटली एवढीच का?

आता तुझ्याकडं येतो. हलकटा! मला बोलवायला तू अब्बांचं तेल चोरून स्वतःच्या विहिरीत ओतलंस? गावाला वेडं केलंस, बायकोला नदीवर धाडलंस, बैलाला शिव्या खायला लावल्यास? लहानपणी मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला होतास तेव्हा मी तुझ्याबरोबर छड्या खाल्ल्या, पण ह्या वेळी खाणार नाही. हे पत्र घाण्यावर बसून मोठ्यानं वाच, अम्मी-अब्बांपुढं. ही शिक्षा.

आणि हो, आता सही करायला हरकत नाही. जुलैअखेर करीन.

गफार


माकणी, ज्येष्ठ वद्य द्वादशी
जुलै १९४५

गफार,

शिक्षा भोगली. आता तू भोग.

तुझं पत्र घेऊन मी तणतणत घाण्यावर गेलो. अयोध्यालाही साक्षीला नेलं, म्हटलं हिच्यादेखत माझ्यावरचा आळ निघू दे. घाणा चालू होता. मी वाचत गेलो. बूच काढल्याचं वाचलं, चाची जात्यावरून उठली. भज्यांचं वाचलं आणि ती एकदम हसली, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून रडायला लागली. "पोटभर खाल्ली का रं त्यानं?" म्हणाली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. अयोध्याला माझ्या आधी कळलं. ती जाऊन चाचीजवळ बसली.

चाचांनी घाणा थांबवला, उठले, आणि बैलाच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

आता चाची सांगते आणि मी लिहितो. एक अक्षर माझं नाही.

"गफार बेटा, बब्रूला बोलू नकु. त्यानं काय बी केलं न्हाय. म्याच केलं. तू लिवलं का तेल असतं तर उद्या आलो असतो. मला वाटलं, मग तेवड्यानं तू येत असशील तर तेलाला काय तोटा? आपल्या घरात तेलाबिगर हाय काय? म्या घागरीत गडवाभर न्यायची आन् वतायची. घासलेट वतावं म्हनलं व्हतं, तुज्या त्या तेलाचा वास तसाच ना. पन ते कंटरोलचं, दिव्याला मिळंना तर हिरीला कुटलं? मग आपलंच वतलं आन् काजळी कालवली. मला वाटलं, तू येशील, बगशील, हसशील, आन् मग आला हाईस तर ऱ्हाशील. येवडा कारभार व्हईल असं कुनाला ठावं? अयोध्या माज्यापाई उन्हात मेली. घोड्यावरचा मानूस आला तवा तर माजं काळीज पान्यात पडलं.

"आता ऐक. झूट बोलून बोलावलेलं लेकरू घरात ठिवून म्या नमाज कसा पडू? तुला तितं मान हाय, सायबाचा जीव हाय. तू सही कर. माजी तक्रार न्हाय. निस्तं तितलं तेल सोसत नसंल तर बब्रू बाटली धाडीत जाईल. आन् त्या बगळ्यांना वाचवीत जा, पुन्य लागतं, सवाब हाय. खुदा तुला सलामत ठेवो."

एवढं सांगून ती आत गेली. भिंतीला टेकून बसलेली मला दारातून दिसत होती. मला लिहायला सांगताना तिनं डोळे कोरडे ठेवले होते, ते आता ती पदरानं पुसत होती. हे मी तुला सांगू नये, पण तुझी पत्रं मी कधी अर्धी वाचली नाहीत, तिचं तरी अर्धं का लिहू?

विहिरीचं ऐकायचं तर ऐक. गिरदावराला मी खरं सांगितलं. तो हबकला. म्हणाला, "माकणीत करडईचं तेल निघालं असं लिहून कळवू? मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील." शेवटी त्यानं 'तेल होते, आटले' असं लिहिलं आणि काटे काढले. आम्ही मोट लावून विहीर उपसली, चुना टाकला, परत पाणी भरलं. अयोध्यानं पहिली घागर काढली, चव घेतली, आणि माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. शांतलिंगअप्पा तेवढे अजून म्हणतात की सरकारनं तेल दाबून टाकलं.

मी तुला ये म्हणत नाही. आता माझी हिंमत नाही. कर सही.

बब्रुवान


हावडा स्टेशन, कलकत्ता
२८ जुलै १९४५

बब्रू,

वरचा पत्ता वाचून ओरडू नकोस. आधी पाणी पी, मग घाण्यावर जा.

तुझ्यावर आळ घेतला, चूक झाली. सोलापुरात हवी तेवढी मिसळ खाऊ घालीन, हिशेब मिटला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कचेरीत सहीचा कागद समोर होता. टाक शाईत बुडवलेला. मी आधी पत्र फोडलं. अम्मीचं बोलणं वाचलं, मग तुझ्या त्या चार ओळी वाचल्या. टाक वाळून गेला. साहेबानं विचारलं, गावी जाऊन करणार काय? मी म्हटलं, अजून ठाऊक नाही. मग तोच म्हणाला, भंगारात एक जुना हातबरमा पडलाय, तो ने, गावात कोरड्या विहिरी असतील. बरमा गाडीत माझ्या पायाशी आहे आणि येणारा-जाणारा त्याला अडखळून मला शिव्या देतोय. चालला तर चालला, नाहीतर अब्बांच्या हाताखाली घाण्यावर बसेन. बैलाला आता तरी कुणीतरी बाजू घेणारं हवं. धनबहादूर स्टेशनवर सोडायला आला होता. त्यानं रडून घेतलं आणि मग रिकामी बाटली माझ्या हातात दिली, म्हणाला, भरून पाठव.

रमजानच्या आधी घरी पोचतो. सोलापूरला बैलगाडी घेऊन ये. आता पुढचं तू वाचू नकोस, अम्मीजवळ बसून मोठ्यानं वाच.

अम्मी, तू मला फसवलंस म्हणून मी येत नाही. मुकादमीचा मान मोठा आहे, साहेबही चांगला आहे. पण त्या बाटलीचं बूच निघालं तेव्हा सगळ्यांदेखत मला रडू आलं, आणि त्यानंतर मनोऱ्यावर माझं चित्त लागलं नाही. इतक्या दूरवर राहून मी तुला काय देत होतो, ते मला सांगता येईना.

आता सही कर, असं तू सांगितलंस. अम्मी, तुझं मी आजवर कधी ऐकलंय?

गफार